कापडी सोफ्याला बुरशी आणि कुबट वास, बाबांची बसायची जागा आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही म्हणून.

आईबाबा डोंबिवलीला राहतात, तिसरा मजला. हॉलची पश्चिमेकडची भिंत पावसाचा सगळा मारा खाते आणि नेमका त्याच भिंतीला टेकून तीन सीटचा सोफा आहे. सोफा १९९८ सालचा, सुतार घरी बसवून करून घेतलेला, सांगाडा सागवानी. सहा-सात वर्षांपूर्वी ३२ डेन्सिटीचा नवा फोम टाकून वर मरून शनीलचं कापड घातलं. गेल्या वर्षी बाबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ते दिवसभर डाव्या कोपऱ्यातच बसतात, तिथून खिडकी दिसते आणि लाकडी हातावर जोर देऊन त्यांचं त्यांना उठता येतं. दुसऱ्या खुर्चीत बसवून पाहिलं पण तिथे ते रमत नाहीत, दहा मिनिटांत "मला माझ्या जागेवर ने" सुरू होतं.

झालं असं की जुलैच्या सुरुवातीला त्यांच्या हातून दुधाचा अख्खा ग्लास सीटवर सांडला. आई एकटीच होती, तिने घाबरून गरम पाणी आणि कपड्यांची पावडर घेऊन ब्रशने खसाखसा घासलं, टॉवेल दाबला, पंखा लावला, वरून वाळल्यासारखं वाटलं. तीन-चार दिवसांनी आंबूस वास यायला लागला म्हणून मी एका सोफा धुणाऱ्यांना बोलावलं. ते शॅम्पू करून गेले, चार तासांत वाळेल म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सीट दाबली तर बोटांना गार ओल लागत होती. बाहेर सलग पाऊस, खिडक्या बंद.

आता परवा गेले तर दार उघडल्याबरोबर कुबट वास. सोफा पुढे ओढला, तर मागच्या कापडावर पांढरट-हिरवट ठिपके, बोट लावलं तर पिठासारखं चिकटतंय. भिंतीवरही त्याच उंचीला रंगाचे पोपडे सुटलेत. सीटवर जिथवर पाणी गेलं तिथे काळपट गोल कडा उमटलीय आणि शनीलची लव बसून गेलीय. डोकं टेकतात तिथे तेलाचा डाग आहे तो वेगळाच.

बाबांना आठवडाभर खोकला आहे, डॉक्टरांना दाखवलंय, पण मला सारखं वाटतंय की या सोफ्यामुळेच असेल. बुरशी घरी काढता येते का, की फोम गेलाच समजायचा? ब्लीच वापरू का? दुधाचा वास फोमच्या आतून कसा काढायचा? आणि ती गोल कडा? ओळखीचा सोफावाला म्हणतो फेका आणि नवीन घ्या, पण नवीन सोफे सगळे खोल आणि बुटके, बाबांना त्यातून उठताच येणार नाही. प्लीज लवकर सांगा.

प्रतिसाद

ताई, पहिलं काम म्हणजे आजपासून बाबांना त्या सोफ्यावर बसवू नका, खोकला आहे तोवर तर नाहीच. एखादी ताठ पाठीची, हातवाली खुर्ची त्याच खिडकीशी ठेवा, जागा तीच राहिली की बसतील.

बुरशी कोरडी असताना घरात झटकू नका, सगळीकडे उडते. तोंडाला मास्क लावा, सोफा गॅलरीत नाहीतर निदान खिडकीशी न्या, आतला दरवाजा बंद करा आणि मग व्हॅक्युमचं अरुंद तोंड लावून हळूहळू ओढून घ्या, शिवणीच्या फटीत सगळ्यात जास्त असते. पिशवी लगेच बांधून बाहेर टाका. मग केमिस्टकडून ७० टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून पांढऱ्या फडक्याला लावून टिपा, ओतायचं नाही. आधी खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या ठिकाणी लावून बघा, शनीलचा रंग फडक्यावर आला तर थांबा. गॅस, देवाजवळची निरांजन सगळं बंद ठेवून करा, ते पेट घेतं. ब्लीच अजिबात नको, मरून कापडावर नारिंगी चट्टे पडतील, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर तर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

दुधाला गरम पाणी लावलं ते चुकलं, पण आईंना बोलू नका, सगळेच करतात. दुधातलं प्रोटीन गरम पाण्याने घट्ट बसतं म्हणून अंडं, दूध, रक्त यांना कायम गार पाणी. आता त्याला एन्झाइमवाला क्लीनर लागेल, पाळीव प्राण्यांच्या दुकानात शूच्या वासासाठी मिळतो तोच, तो प्रोटीन तोडतो. बाबांच्या वयात पुढेही उपयोगी पडेल.

रेडिमेड सोफ्याच्या सीटखाली लेबल असतं, त्यावर डब्ल्यू म्हणजे पाण्याने चालेल, एस म्हणजे फक्त ड्रायक्लीनचं सॉल्व्हंट, डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही, आणि एक्स म्हणजे फक्त व्हॅक्युम. सुताराने केलेल्याला लेबल नसतं म्हणून प्रत्येक गोष्ट कोपऱ्यात करून बघायची.

पण खरं दुखणं भिंतीत आहे. ती ओल थांबल्याशिवाय कितीही पुसा, पुढच्या पावसात बुरशी परत येणारच.

प्रतिसाद

मी चिपळूणची. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं तेव्हा दोन सोफे त्यात गेले म्हणून अनुभवाने सांगते. वरून काही कळत नाही, सोफा उलटा करा. खाली पातळ काळं कापड स्टेपल मारून लावलेलं असतं, पेचकसाने चार-पाच पिना उचकटा आणि आत टॉर्च मारा. पट्ट्या आणि काथ्या कोरडा आहे का, फोमला खालून डाग आलेत का, लाकूड नखाने दाबलं तर मऊ लागतं का ते बघा. आमचा फोम आणि काथ्या सगळा गेला, त्यात गटाराचं पाणी होतं, ते ठेवायचा प्रश्नच नव्हता, पण सागाचा सांगाडा धुऊन सावलीत महिनाभर उभा ठेवला आणि त्यावरच परत गादी करून घेतली, आजही तोच आहे. तुमचं तर दूध आणि पाणी आहे, सांगाड्याला काही होणार नाही. तुमच्या सोफावाल्याला सांगा, सोफा फेकायचा नाहीये, फोम बदलायचाय. एका सीटचा फोम वेगळा बदलून मिळतो.

प्रतिसाद

तेलाच्या डागावर साधी टाल्कम पावडर रात्रभर टाकून ठेवा, सकाळी ब्रशने काढा, दोन-तीनदा करा. आणि तिथे एक सुती टॉवेल घालून ठेवायचा, दर आठवड्याला धुवायचा.

हे तुमच्या प्रश्नात नाही पण सोफ्यावर जेवणाऱ्या सगळ्यांसाठी सांगते, वरण-भाजीची हळद सांडली तर साबण लावू नका, लालभडक होते. जादाचं चमच्याने उचला, गार पाण्याने टिपा आणि उघडीप मिळाली की उन्हात धरा, हळद उन्हाने उडते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, खूप धीर आला. काल भावाला घेऊन सोफा उलटा केला. सांगाडा ठणठणीत, नखही रुतत नाही. पण डाव्या सीटच्या फोमला खालून ताटाएवढा पिवळा-करडा डाग आणि त्यातूनच वास येतोय, म्हणजे पाणी वरून खालपर्यंत गेलं आणि तिथेच बसलं. मागच्या बाजूचा फोम कोरडा निघाला, बुरशी फक्त कापडावर होती. त्या गोल कडेचं मात्र कुणी सांगितलं नाही, तेवढं सांगा ना.

प्रतिसाद

कडा म्हणजे ओलीबरोबर मळ सरकत सरकत जिथे पाणी वाळलं तिथे जमा झालेला असतो. नुसत्या कडेवर चोळलं तर नवी कडा तयार होते. फोम काढलेला असतानाच करा. स्प्रेच्या बाटलीत गार पाणी घेऊन एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत सगळं कापड एकसारखं दमट करा, भिजवायचं नाही, पांढऱ्या टॉवेलने दाबून टिपा आणि लगेच पंखा लावा. लवेसाठी इस्त्रीची वाफ चार बोटं लांबून द्या, इस्त्री टेकवू नका, आणि मऊ ब्रश लवेच्या दिशेने फिरवा.

धागाकर्ती

अपडेट देतेय. डाव्या सीटचा फोम बदलला, ४० डेन्सिटीचा टाकला, थोडा कडक आहे पण बाबांना उठायला उलट सोपं जातंय. सीटच्या कापडाला खालून चेन लावून घेतली आणि फोमवर वॉटरप्रूफ खोळ शिवली, म्हणजे काही सांडलं तरी आत जाणार नाही आणि वरचं काढून वाळवता येईल. मागच्या कापडावर अल्कोहोल दोनदा टिपलं, आधी खाली लावून बघितलं होतं, रंग गेला नाही. कडा जवळजवळ गेलीय, तिरकं बघितलं तर दिसते.

सोफा भिंतीपासून वीतभर पुढे घेतलाय, मागून हवा खेळते. आर्द्रता मोजायचं छोटं मीटर आणलं, हॉलमध्ये ८४ टक्के दाखवत होतं! एसी ड्राय मोडवर दुपारी दोन तास लावला की ६० च्या आसपास येतं, आईला आता त्याचा नादच लागलाय, फोनवर रोज आकडा सांगते. खोकला कमी झालाय, डॉक्टरांची औषधं पण चालू होती त्यामुळे नेमकं कशाने ते मी सांगू शकत नाही. परवापासून बाबा त्यांच्या कोपऱ्यात बसायला लागले.

भिंतीचं काम सोसायटी पाऊस संपल्यावर करणार म्हणते. तोपर्यंत आतून पोपडे खरवडून वॉटरप्रूफिंगचा रंग लावला तर चालेल का, की ओल आतच कोंडेल? कुणी करून घेतलं असेल तर सांगा.