आधी पाणी, मग चौकशी

'दारुड्याला जेवू घालण्याआधी तो सुधारणार का ते बघावं', असं काहीजण म्हणतात. मला ते पटलं नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज गावच्या ख्रिस्ती सिस्टरांनी (जोगिणींनी) त्यांना लंडनमधलं 'पतित' स्त्रियांचं घर दाखवलं. समाजाने ओवाळून टाकलेल्या बायकांना एवढी माया? रमाबाई चक्रावल्या. कारण विचारलं, तर बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी (शोमरोन प्रांतातल्या) बाईची गोष्ट सांगितली गेली. पाच नवरे झालेली ती बाई. येशूने विहिरीवर तिच्याकडे आधी प्यायला पाणी मागितलं, बाकीचं नंतर. पुढे रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभं राहिलं. आमच्या चर्चच्या मंडळीत मात्र रेशनची पिशवी देताना अजूनही विचारतात, "रविवारी दिसत नाही हो तुम्ही?" मीही एकदा विचारलं होतं. ती बाई पिशवी ठेवून निघून गेली.