टँकमागची मॉसची भिंत: ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

माशांच्या टँकमध्ये मागच्या काचेला जाळी लावून त्यात मॉस (बारीक, मऊ हिरवी पाणवनस्पती) वाढवतात, ती मॉसची भिंत. तिचे फोटो खूप दिसतात, पण जाळी कुठली, मॉस किती लावलं, मे महिन्यात काय झालं, हे क्वचितच कोणी लिहितं. ते इथे लिहा. टँकचं माप आणि पाणी पालिकेचं, बोअरचं की टँकरचं, हे नक्की सांगा.

घोडबंदर रोड, दोन फुटी टँक (६० × ३० × ३६ सेंमी), पालिका + टँकर

अख्खी भिंत एका तुकड्यात करू नका. २९ सेंमी रुंदीचे दोन भाग केले की एक काढून धुता येतो. पाच-सहा मिलिमीटर भोकांची कडक प्लास्टिकची जाळी घ्या. धातूचीच हवी असेल तर ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील. गॅल्व्हनाइज्ड नको, तिचं जस्त पाण्यात उतरतं आणि टँकमध्ये पाळलेली कोळंबी मरते.

जाळी ६० सेंमी लांब कापून मधोमध दुमडा. आत मॉस पसरा, पण इतकं विरळ की खालची जाळी अधूनमधून दिसली पाहिजे. बहुतेकांचं इथेच बिघडतं. जाड थर दिला की आतल्या मॉसला उजेड मिळत नाही, ते तपकिरी होऊन सडतं आणि वरचा हिरवा थर एक दिवस सुटून तरंगतो. मॉसला खरी मुळं नसतात, त्यामुळे सुटलेलं आपोआप परत धरत नाही. कडा नायलॉनच्या दोऱ्याने शिवा. सुती दोरा कुजतो.

प्रत्येक भागाला पाच सक्शन कप (काचेला दाबून चिकटणारे): चार कोपऱ्यांत, एक मध्ये. मधला नसला तर जाळीला पोट येतं. काच आणि जाळीत सेंटिमीटरभर फट ठेवून फिल्टरचं पाणी त्या बाजूला वळवा, म्हणजे मागे गाळ साचत नाही. उजेड वरून येतो, म्हणून जाळीचा खालचा काठ थोडा पुढे घ्या, नाहीतर तळाकडचं मॉस खुरटं राहतं.

टँकरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) दर खेपेला वेगळा निघतो. मीटर लावल्याशिवाय ओतू नका.

नेरूळ, पालिकेचं पाणी

भिंत पावसाळ्यात किंवा थंडीत लावा, एप्रिल-मेमध्ये अजिबात नको. ख्रिसमस मॉस दिसतं सुंदर, पण त्याला २५ अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. आपल्याकडे उन्हाळ्यात टँक ३१ पर्यंत जातो. जावा मॉस त्या मानाने सोसतं, म्हणून पहिली भिंत त्याचीच करा. पृष्ठभागावर पंखा सोडला की पाणी दोनेक अंश उतरतं. हवा दमट असेल त्या दिवशी कमी. पंखा असेल तर रोज पाण्याची भर घालावी लागते.

ऐरोली

दुकानातलं मॉस थेट लावू नका, गोगलगायींची अंडी येतात. लिटरला चहाचा एक चमचा तुरटी, त्यात दोन-तीन दिवस बुडवून स्वच्छ धुवा. अल्गी (नको असलेलं शेवाळ) आली तर दिवा रोज सहा तासांवर आणा आणि लांब धागे हाताने ओढून काढा. टँकमधल्या झाडांसाठी विकतात ते ग्लुटाराल्डिहाइडचं ‘लिक्विड कार्बन’ मॉसलाच जाळतं. तांब्याची औषधंही नकोत.

गोल्डफिश असेल तर भिंत करूच नका, तो ओरबाडून काढेल.

खारघर, चेरी कोळंबी

दीड-दोन महिन्यांत कोंब जाळीबाहेर येतात. दोन-तीन सेंमी वाढले की छाटा, तरच नवे फाटे फुटतात. छाटताना फिल्टर बंद ठेवा, नाहीतर तुकडे आत जाऊन अडकतात. ते मासे पकडायच्या छोट्या जाळीने गाळून घ्या आणि विरळ जागी खोचा. फिल्टरच्या तोंडाला स्पंज हवाच, कोळंबीची पिल्लं ओढली जातात.

आणखी एक: मॉस टँकच्या काठावरून बाहेर लोंबू देऊ नका. वातीसारखं पाणी खेचतं आणि खालचं प्लायवूडचं कपाट फुगतं. जाळी काठापासून तीन सेंमी खाली ठेवा.

घोडबंदर रोड (पुन्हा)

सक्शन कपचं राहिलं. वर्षभरात ते कडक होऊन सुटतात, जादाचे चार घेऊन ठेवा. काचेवरची अल्गी ब्लेडने खरवडून मगच कप दाबा, बुळबुळीत काचेवर तो टिकत नाही.