कुत्र्याकडून विश्वास शिकायचा? मला पटत नाही

माडाखाली:
काल एका ताईंनी लिहिलं की वडील वारल्यापासून त्यांचा मोती रोज संध्याकाळी फाटकाकडे डोळे लावून पायरीवर बसतो, ख्रिस्ताची वाट आपणही अशीच बघायला हवी. खाली आमेनची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितोय. कुत्रा वाट बघतो ती सवयीने आणि भाकरीसाठी. नाही म्हणायची मोकळीक असताना हो म्हणणं, याला मी विश्वास म्हणतो. शिष्य पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, मग ढसाढसा रडला, मग परत आला. मोतीला नाकारताच येत नाही, त्याच्याकडून काय शिकायचं? आणि बायबलात कुत्र्याचं कौतुक दाखवा. नीतिसूत्रांत तो ओकारीकडे परत जातो, पौल तर सरळ म्हणतो, कुत्र्यांपासून जपा.

पायरीवरची:
ती पोस्ट माझी. बाबा जानेवारीत गेले. त्यांच्या जुन्या एम-एटीचा आवाज मोतीला तिठ्यावरून कळायचा. गाडी आम्ही विकली. परवा तशीच दुसरी गाडी रस्त्याने गेली. मोती उठला, शेपूट एकदा हलली, हवेत नाक धरलं आणि पुन्हा पुढच्या पायांवर हनुवटी टेकून बसला. भाकरी मी सकाळी घालते, काका. संध्याकाळी त्या पायरीवर त्याला कोणी काही देत नाही.
आणि मत्तय १५ विसरलात? कनानी बाई म्हणाली, धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा कुत्र्यांनाही मिळतो. येशूने तिचा विश्वास मोठा म्हटला. तिथला मूळ ग्रीक शब्दही घरातल्या लहानग्या कुत्र्याचा आहे.

रापणवाला:
विश्वासाचा मागसून बघूया, आधी आमच्या किनाऱ्यार येवन बघा. फेब्रुवारीत कासवीण वर चढली. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती जाळीच्या कुंपणात हलवायला आम्हाला पहाट झाली. तोवर मोकाट कुत्र्यांनी खड्डा उकरलेला, टरफलं ओल्या कागदासारखी वाळूवर पसरलेली. कोकणात वायंगणीला, वेळासला पोरं रात्र-रात्र जागतात ती यासाठी.

दर्यावर्दी:
दादा, कुत्री किनाऱ्यावर येतात कशाला? रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढल्यावर नको ती मासळी तिथेच टाकतो कोण? आणि संवर्धन सुरू व्हायच्या आधी कासवाची अंडी कोण खायचं, तेही सांगा. आमच्या आजीच्या घरात शिजलीत.

रापणवाला:
आजीचं पाप माझ्या डोक्यावर घालू नका. आम्ही मासळी पुरतो. हॉटेलवाले काय टाकतात ते रात्री येऊन बघा.

दोन पोरांची आई:
अंड्यांचं दुःख आहे, माणसांचं नाही का? माझ्या सात वर्षांच्या मुलाला शाळेतून येताना मोकाट कुत्रं चावलं. पोटरीवर चार दात. नळाखाली पंधरा मिनिटं साबणाने धुतलं, पण जवळच्या दवाखान्यात लस नव्हती. दुसऱ्या तालुक्याला रिक्षाने गेलो. रेबीज झाला की माणूस वाचत नाही, तो रस्ता मी कसा काढला ते मलाच ठाऊक. तो अजून रस्ता बदलून शाळेत जातो. असे धडे मला नका शिकवू.

माडाखाली:
ताई, वाचून पोटात कालवलं. पण धागा मोकाट कुत्र्यांचा नाही, कृपा करून मुद्द्यावर या.

निवृत्त मास्तर:
येतो. यशया १:३ काढा. बैल धन्याला ओळखतो, गाढव मालकाची गव्हाण ओळखतं, पण माझे लोक ओळखत नाहीत. बैलाला तरी नाही म्हणता येतं का? तरी देवाने त्यालाच पुढे केलं. नीतिसूत्रं आळशाला मुंगीकडे पाठवतात. तोबीतच्या पुस्तकात पोराबरोबर आणि देवदूताबरोबर कुत्रा चालतो. आमच्या चॅपेलात सान रोक या संताच्या पायाशी तोंडात भाकरी धरलेला कुत्रा आहे, १६ ऑगस्टला सण करतो.

माडाखाली:
तोबीत आमच्या प्रोटेस्टंट बायबलात नाही, तुमच्या कॅथलिक बायबलात आहे.

निवृत्त मास्तर:
यशया तरी आहे ना? इथेही पंथ काढायचा?

माडाखाली:
पंथ तुम्ही सान रोक आणून काढलात, मास्तर. यशयाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. धन्याला ओळखणं जनावराकडून शिकावं, एवढं मानतो. पश्चात्ताप मोती शिकवणार नाही, तिथून मी हलणार नाही. भाकरीचं मी न विचारता लिहिलं, ते मागे घेतो.

पायरीवरची:
पश्चात्ताप मी मोतीच्या नावावर लिहिलाच नव्हता, पोस्ट परत वाचा. साडेसात झाले, पाऊस लागलाय, तो अजून आत येत नाही. पायरीवर गोणपाट टाकून येते.