मदत हवी आहे: बांधावरची मारामारी, कलम वाढलं, आता जामीन कुठे मागायचा?

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाची आणि शेजारच्या शेतकऱ्याची बांध कोरण्यावरून जुंपली. भावाच्या हातात कुदळीचा दांडा होता, समोरच्याचं मनगट मोडलं. (आमच्याही कपाळाला चार टाके आहेत, पण आमची तक्रार दुसऱ्या दिवशी गेली. चूक झाली.)

सुरुवातीला भारतीय न्याय संहितेचं ११५(२), म्हणजे साधी दुखापत, लागलं होतं; ते जामीनपात्र. दवाखान्याचा दाखला आला, त्यात हाड मोडल्याचं लिहिलं होतं, आणि ११८(२), म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत, वाढलं; ते अजामीनपात्र. यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. नुसतं हाड मोडणं, ११७(२), जामीनपात्र. सगळं घोडं त्या दांड्यावर अडलंय. दांडा 'घातक हत्यार' ठरतो का?

दोन दिवस पोलीस कोठडी झाली, दांडाही जप्त झाला. आता एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, आहे. एक वकील म्हणतात, खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच चालणार, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम ४८० खाली तिथेच जामिनाचा अर्ज टाका. दुसरे म्हणतात, जन्मठेपेचं कलम बघून तिथे फेटाळतील, थेट सेशन्स कोर्टात त्याच संहितेच्या ४८३ खाली जा. कुणाचं ऐकू?

जप्ती पूर्ण, पूर्वीचा एकही गुन्हा नाही, जखमी माणूस घरी परतलाय, यांचं वजन किती पडतं? धास्ती एवढीच की साक्षीदार सगळे भावकीतले, त्यामुळे सरकारी वकील दबावाचा मुद्दा काढणारच. गावात न येण्याची अट मान्य केली तर चालेल, पण ऊस तोडणीला आलाय. अशी अट पुढे शिथिल करून मिळते का? कुणाचा अनुभव असेल तर सांगा.