मदत हवी आहे: रोजच्या जेवणात भाज्या वाढवायच्या आहेत, पण निवडायला-चिरायला वेळच उरत नाही

नमस्कार,

आम्ही दहिसरला राहतो. घरात चौघं: मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मुलीला गेले चार-पाच महिने बद्धकोष्ठतेचा त्रास आहे. सकाळी शाळेची व्हॅन खाली येऊन हॉर्न वाजवते आणि ही पोट धरून बाथरूममध्ये रडत असते. बघवत नाही. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं आणि मला एवढंच विचारलं, "दिवसभरात भाजी किती खाते?"

घरी येऊन मी खरंच वजनकाट्यावर मोजलं. डब्यात बटाट्याची भाजी, म्हणजे ती धरायचीच नाही. रात्री वरण-भाताबरोबर काकडीच्या चार चकत्या आणि कोबीचे दोन घास. साठ-सत्तर ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि वर १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. ते प्रमाण मोठ्यांचं आहे हे कळतं, पण आम्ही मोठी माणसंही १५० च्या पुढे जात नव्हतो.

भाजी घरात येत नाही असं नाही. रविवारी नवरा बाजारातून दोन पिशव्या भरून आणतो. बुधवारी फ्रीज उघडला की मेथीची जुडी पिशवीत घाम येऊन बसलेली, मधली पानं काळी पडून एकमेकांना चिकटलेली. ती टाकताना जीव तुटतो. पण मी साडेपाचला उठून पोळ्या आणि डबे करते, आठच्या आत घर सोडते, आणि परतीच्या विरार लोकलमधून उतरून घरी पोचेपर्यंत साडेसात होतात. मेथीची एक जुडी निवडायची म्हणजे अर्धा तास. मग भात टाकते, वरण फोडणीला घालते आणि बटाटे चिरते.

आतापर्यंत जमलेलं सांगते. थालीपिठात किसलेला दुधी मुरतो, भाजणीला पाणीही कमी लागतं. पिठल्यात पातीचा कांदा चालतो. पोह्यात मटार आणि गाजर घातलं तर मुलगी गाजर ताटाच्या कडेला रचून ठेवते. पालकाची प्युरी करून कणकेत मळली होती, हिरव्या पोळ्या बघून तिने डबा तसाच परत आणला.

भाजी लपवून खाऊ घालणं मला नको आहे. तिला भाजी ओळखता यावी आणि आवडावी असं वाटतं. आवडू शकते हेही मी पाहिलंय. ऋषीपंचमीला सासूबाई ऋषीची भाजी करतात. अळू, माठाची देठं, पडवळ, भेंडी, सुरण, लाल भोपळा, कणसाचे तुकडे, सगळं एका पातेल्यात. मुलीने कणसाचा तुकडा चोखता चोखता त्याला लागलेलं अळू खाल्लं, आणि मग वाटी पुढे केली. दुसऱ्यांदा!

तर रोजच्या वरण-भात-पोळीतच बसतील आणि सकाळी वेगळा अर्धा तास मागणार नाहीत अशा युक्त्या सांगा. सासूबाईंना कवळी आहे, कच्चं गाजर-मुळा चावत नाही. पालेभाजी चार दिवस टिकवायची कशी, हेही कोणी सांगितलं तर फार उपकार होतील.

प्रतिसाद:
अगं, कुकर लावतेसच ना, मग त्यातच भागव. डाळीच्या वर एक डबा जास्त. त्यात पडवळ, दुधी, लाल भोपळा, काही असेल ते मोठ्या फोडी करून. डाळ एक वाटी तर भाजी दीड वाटी. एकदा चिंच-गूळ-गोडा मसाला, एकदा नुसतं हिंग-जिरं आणि ओलं खोबरं, एकदा शेवग्याच्या शेंगा. तुझी आमटीही झाली आणि भाजीही झाली. भोपळ्याच्या चार फोडी बाजूला काढून दह्यात कुस्कर, वर मोहरी-मिरचीची फोडणी दे. भरीत तयार. कवळीवाल्यांना याच्यासारखं सुख नाही, मी स्वतः खाते. माठ-चवळईची कोवळी देठं टाकू नकोस, बारीक चिरून पानांच्या आधी कढईत घाल. आणि दुधी चिरला की एक कपची जिभेला लावून बघ. कडू लागला तर अख्खा टाकून द्यायचा, थोडासुद्धा वापरायचा नाही.

प्रतिसाद:
आमच्याकडे स्वयंपाक मी करतो, म्हणून अनुभवाचं सांगतो. पालेभाजी आणल्यावर धुऊ नका. मुळं कापा, पिवळी-सडकी पानं काढा, जुनी सुती ओढणी किंवा पंचा पसरून त्यात सैल गुंडाळा आणि मग पिशवीत ठेवा. ओलावा कापड शोषून घेतं. धुवायची ती करायच्या वेळी. शिवाय खायचा क्रम लावून घ्या: सोम-मंगळ पालेभाजी, मग भेंडी-गवार-वांगी, आणि कोबी, भोपळा, गाजर, बीट आठवड्याच्या शेवटी. मेथी रविवारी आणून गुरुवारी करायची म्हटलं तर ती सडणारच. बसायला मिळत असेल तर गवार-घेवडा ट्रेनमध्ये मोडता येतो, लेडीज डब्यात हे रोजचंच आहे, माझी आई वीस वर्षं करायची.

प्रतिसाद:
ताई, भाजीबरोबर एक विचारते, राग मानू नका. मुलगी शाळेत पाणी पिते का? आणि शाळेत संडासला जाते का? माझ्या मुलाचं मूळ तिथे निघालं. दाबून ठेवायची सवय लागली की त्रास वाढतच जातो. आणि चोथा वाढवून पाणी वाढवलं नाही तर पोट उलट जास्त घट्ट होतं.

आठ दिवसांनंतर, मूळ प्रश्न विचारणारी:
सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटच्या ताईंचा प्रतिसाद वाचून मी त्याच रात्री मुलीला जवळ घेऊन विचारलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शाळेतल्या संडासाची कडी लागत नाही." म्हणून ती तिथे जातच नाही, आणि जावं लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. मी रोज भरलेली बाटली परत येताना बघत होते आणि "पीत का नाहीस" म्हणून ओरडत होते. मला फार वाईट वाटलं. वर्गशिक्षिकांना भेटून आले, कडी बसवून मिळाली. डॉक्टरांनाही कळवलं. सकाळी उठल्यावर आणि शाळेतून आल्यावर एकेक मोठा पेला पाणी माझ्यासमोर पिते.

कुकरमधला जास्तीचा डबा रोज लागतोय. लाल भोपळ्याचं भरीत सासूबाईंनी तीनदा करायला लावलं. मुलीला पडवळाच्या चकत्या आवडल्या, कारण त्या बोटात अंगठीसारख्या घालता येतात! घालू दे, खातेय ना. पंचातली मेथी बुधवारी हिरवीगार निघाली.

परवा ट्रेनमध्ये गवार घेऊन बसले. समोरच्या बाईंनी काही न विचारता माझ्या पिशवीतल्या मूठभर शेंगा घेतल्या आणि शिरा काढायला लागल्या. अंधेरी ते बोरिवलीत अर्धा किलो झाली. घरी येऊन लगेच फोडणीला टाकली, पण सासूबाईंना थोडी चिवट लागली. गवार त्यांना चावेल इतकी मऊ, तरी रंग न जाता कशी करायची? कुकरला लावू का?