मदत हवी आहे : बायोसला दिसणारा डीव्हीडी ड्राइव्ह विंडोज एक्सपीला दिसत नाही

माझ्या जुन्या संगणकावरून डिस्क लिहिण्याचे एक सॉफ्टवेअर काढून टाकल्यापासून 'माय कॉम्प्युटर'मधला डीव्हीडी ड्राइव्ह नाहीसा झाला असून डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्यापुढे पिवळे उद्गारचिन्ह आणि कोड 39 (ड्रायव्हर खराब किंवा गहाळ असल्याची खूण) दिसतो. बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारी संगणकाची मूळ प्रणाली) मात्र त्याला ओळखतो आणि त्यावरून बूट सीडीही चालते, त्यामुळे ड्राइव्ह मदरबोर्डला जोडणाऱ्या आयडीई केबलचा किंवा त्या केबलवरच्या ड्राइव्हचा क्रम ठरवणाऱ्या मास्टर-स्लेव्ह जंपरचा दोष नसावा. (तरी केबल दोनदा बदलून पाहिलीच.)

रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठतात तिथल्या) अपरफिल्टर्स व लोअरफिल्टर्स या, ड्राइव्हच्या ड्रायव्हरसोबत आणखी कोणते ड्रायव्हर चालवायचे ते सांगणाऱ्या नोंदी पुसणे हा यावरचा नेहमीचा उपाय आहे. परंतु तिथे ज्या क्लासच्या (उपकरणांच्या गटाच्या) क्रमांकाचा पहिला भाग 965 वर संपतो तो सीडी-डीव्हीडीचा आणि 967 वर संपणारा हार्ड डिस्कचा असल्यामुळे चुकून भलत्याच नोंदी पुसल्या जातील म्हणून हात लावायला भीती वाटते. केवळ 965 ची की (त्या क्लासच्या नोंदींचा संच) एक्स्पोर्ट करून तिची प्रत ठेवणे पुरेसे आहे का, की सिस्टिम रिस्टोअर पॉइंटही (विंडोज पूर्वस्थितीत नेण्याची सोय) करावा? अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.