मदत हवी आहे : आत्यांची जट काढण्यास घरच्यांना कसे राजी करावे?

आम्ही खानापूर तालुक्यातील एका खेड्यात एकत्र कुटुंबात राहतो. माझ्या आत्यांच्या डोक्यात, दीर्घ आजारपणात केस विंचरले न गेल्यामुळे जट तयार झाली असून, घरच्यांनी ती सौंदत्तीच्या यल्लम्माची खूण मानून तिला दर मंगळवारी हळदकुंकू वाहण्यास सुरुवात केली आहे. वास्तविक न विंचरलेल्या केसांत तेल, घाम आणि धूळ साचून गुंता होतो व वर हळदीचे थर बसले की तो दोरखंडासारखा घट्ट होतो. आत्यांची मान सतत दुखते, जटेखाली उवा झाल्या आहेत आणि कानामागची जखम चिघळली आहे.

डॉक्टरांचे म्हणणे सर्वांना पटते; मात्र कात्रीचा विषय निघाला की आजी म्हणतात, "आईचं देणं आहे, हात लावलात तर घरावर कोप होईल." गोठ्यातील म्हैस दगावली, त्याचे खापरही या चर्चेवरच फुटले! देवीला मुली सोडण्याच्या प्रथेवर कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी आली, तरी जटेची भीती घराघरांत टिकून आहे.

आपल्यापैकी कोणी बेळगाव, निपाणी किंवा चंदगड भागात जट सोडवून घेतली आहे का? हे काम करणारे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते जवळपास आहेत का? आजींच्या समाधानासाठी आधी देवीची ओटी भरावी, असे मला वाटते. त्यामुळे भीती कमी होते की उलट पक्की होते, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.